दारावर चार, आत उणे दोन

सगळ्यात आधी कोथिंबीर गेली. फ्रिजच्या वरच्या फळीवर फडक्यात गुंडाळून ठेवलेली जुडी सकाळी हातात घेतली तर पानं काचेसारखी कडक, आणि ओट्यावर ठेवल्यावर पाच मिनिटांत तिचा काळपट लगदा. मग दह्याच्या पातेल्यावर बर्फाचा पापुद्रा आला. मग काकड्या गेल्या. दारावर मात्र निळ्या दिव्यात चारचा आकडा ठाम उभा. चार अंश. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवते. चार अंशांना पाणी गोठत नाही हे मला कुणी सांगायला नको होतं. तरी पहिले पंधरा दिवस मी त्या आकड्यावर विश्वास ठेवला, दह्यावर नाही.

माझं माहेर कोऱ्हाळे बुद्रुक आणि सासर सणसर. घर गावापासून जरा बाजूला, उसाच्या रानात, वस्तीवर. लेक शिकायला बाहेर, त्यामुळे घरात आम्ही तिघंच. आमचे हे, मी आणि सासूबाई. सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्यांना बरीच वर्षं साखरेचा आजार आहे आणि दोन वर्षांपासून इन्सुलिनची सुई लागते. दिवसातून एकदा, संध्याकाळी जेवणाआधी. मी शाळेतून आले की हातपाय धुऊन आधी तेच करायचे. बाटली फ्रिजमध्ये वरच्या फळीवर, अगदी मागं, स्टीलच्या छोट्या डबीत. ती जागा मीच निवडली होती. मागं जास्त गार असतं, औषध नीट राहील असं वाटलं होतं.

कोथिंबिरीसाठी मी फाट्यावरच्या मेकॅनिकला बोलावलं. त्यानं दार चारदा उघडलं, चारदा लावलं आणि म्हणाला, "मॅडम, दाराचं रबर गेलंय. बाहेरची हवा आत शिरती, मग मशीन जास्त पळतं." रबर बदललं. दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी दुधाच्या पिशवीत बर्फाचे खडे. पुन्हा फोन केला तर म्हणाला, "थंडी कमी करून बघा." मी दारावरचं बटण दाबून चारचे सहा केले. आकडा बदलला, दूध काही बदललं नाही, म्हणून पुन्हा चारच केले. तिसऱ्यांदा त्यानं फोनच उचलला नाही.

याच सुमारास आत्यांची साखर चढायला लागली. घरी बोटातून रक्त काढून बघायचं छोटं मशीन आहे, त्यावर आकडा तीनशेच्या वर. आम्ही बारामतीला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सुईचं माप वाढवलं. दोन आठवड्यांनी पुन्हा गेलो, पुन्हा वाढवलं. तिसऱ्या खेपेला त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "पथ्य पाळतायत ना?"

आमच्या वस्तीच्या पलीकडे एक गुऱ्हाळ आहे. आत्या दुपारी तिथं जाऊन बसतात. त्यांच्या वयाच्या दोघी-तिघी तिथं असतात, गप्पा होतात. त्या घरी आल्या की लुगड्याला काकवीचा वास यायचा. कढईशेजारी बसल्यावर तो कुणाच्याही कपड्यांना येईल. पण त्या दिवशी मला तेवढं पुरलं. मी डॉक्टरांना म्हणाले, "गूळ खातात त्या. लपून." आत्या शेजारच्याच खुर्चीवर बसल्या होत्या.

 घरी आल्यावर त्या मुलाला म्हणाल्या, "इचार तुझ्या बायकूला, म्या गूळ खाल्ल्याला कवा बघितला तिनं?"

हे म्हणाले, "आई, तिनं काळजीनंच म्हटलं आसंल."

"काळजीनं म्हटलं म्हून खोटं खरं हुतं व्हय?"

मी मुळीच माघार घेतली नाही. उलट त्याच संध्याकाळी साखरेचा आणि गुळाचा डबा कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या गाडीच्या किल्लीला अडकवली. आत्यांनी ते बघितलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ठरवलं की आपण होऊन घरातलं काही घ्यायचं नाही. मी वाढलं तरच जेवायचं. ताट घेऊन त्या माझ्यासमोर येऊन बसायच्या आणि प्रत्येक वेळी म्हणायच्या, "बघून घे. आर्धी भाकरी हाय." मला त्याचा राग यायचा. शाळेत तीस पोरं, घरी हा फ्रिज, आणि वर हे रोजचं ताट.

त्यात इन्सुलिनची बाटली संपली. बारामतीहून नवी आणली. त्या संध्याकाळी वाढवलेल्या मापानं सुई दिली आणि भाकऱ्यांचं पीठ मळायला घेणार, तेवढ्यात फ्रिजच्या कंपनीचा फोन आला. आठवडाभर मी त्यांच्या मागं लागले होते, म्हणून सोडवेना. आधी हिंदीतून तक्रार सांगितली. मग फोनवरच्या मुलीनं मॉडेलचा नंबर विचारला. तो फ्रिजच्या आतल्या बाजूला, चष्मा लावून वाचावा लागणारा. मग "लाइनवर थांबा" म्हणून गाणं लावलं. पुन्हा दुसरा माणूस, पुन्हा पहिल्यापासून. "मॅडम, डिस्प्ले पे कितना दिखा रहा है?" "चार." "फिर तो सेटिंग ठीक है." मी ओट्याला टेकून त्या माणसाशी वाद घालत राहिले. किती वेळ गेला कळलं नाही.

ह्यांचीच हाक आली. "अगं, आईला बघ!"

आत्या पडवीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. लुगडं घामानं भिजलेलं आणि हात थरथरत होते. "पोरी, डोळ्यांम्होरं आंधारी येती," म्हणाल्या. साखर एकदम खाली आली होती. सुई देऊन तासाभर झाला होता आणि पोटात काही नव्हतं, कारण मी वाढलं नव्हतं.

मी स्वयंपाकघरात पळाले. कपाटाला कुलूप. किल्ली गाडीच्या किल्लीला आणि गाडीची किल्ली टेबलावर नाही, पर्समध्ये नाही, खुंटीवर नाही. हे कपाटाचं दार ओढायला लागले. किल्ली गाडीलाच लटकत राहिली होती. अंगणात जाऊन ती घेऊन आले, तर घाईत कुलपात लागेना. शेवटी ह्यांनी ते उघडलं. मी मूठभर साखर पाण्यात ढवळली आणि आत्यांच्या तोंडाला तांब्या लावला. निम्मं पाणी त्यांच्या अंगावर सांडलं.

दहा-पंधरा मिनिटांत त्यांचा चेहरा जागेवर आला. मी त्यांच्यासमोर जमिनीवरच बसले होते. त्यांनी ओल्या पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "आता लिवून ठेव. साखर खाल्ली म्हून."

मला रडूही आलं नाही. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी माप पुन्हा कमी केलं आणि रोज साखर मोजून लिहून ठेवायला सांगितलं. मी शाळेची एक कोरी वही घेतली. पहिले तीन दिवस आकडे छान होते, इतके की मी मनात म्हणाले, बघा, कुलूप लावलं आणि फरक पडला. चौथ्या दिवशी आकडा वर. पाचव्या दिवशी आणखी वर. आत्या तर चार दिवस अंगणाबाहेर गेल्या नव्हत्या. गुऱ्हाळाकडं त्यांनी तोंडही वळवलं नव्हतं. आता मी कुणाला बोलणार होते?

सहाव्या दिवशी सुई भरताना मी बाटली उजेडात धरली. हे औषध दुधासारखं दिसतं, भरण्याआधी तळहातांत हलकेच फिरवून एकसारखं करावं लागतं. कितीही फिरवलं तरी त्यात पांढरे कण तरंगत होते आणि काचेला आतून पिठूळ थर चिकटला होता. हे आधीच्या बाटलीतही होतं का? असेल. कोथिंबीर मी दहा वेळा उलटून बघितली होती, ही बाटली मात्र कधी धड बघितली नव्हती.

ती बाटली घेऊन मी बारामतीला मेडिकलमध्ये गेले. काउंटरवरच्या बाईंनी बाटली तिरकी केली आणि विचारलं, "हे गोठलं होतं का कधी?"

"नाही हो. फ्रिजमध्येच असतं. चार अंशांवर."

"फ्रिजमध्ये गोठत नाही असं कोण म्हणालं? एकदा गोठून वितळलं की हे औषध गेलं समजा. ते वापरायचं नसतं. आकडा सोडा, आत मोजून बघितलंय का तुम्ही?"

नव्हतं बघितलं. दरवर्षी मुलांना तापमापीनं पाण्याचं तापमान घ्यायला शिकवते मी. अंदाज करू नका, मोजा, असं फळ्यावर लिहून देते.

शाळेतली तापमापी घरी आणली. साधं पाणी गोठलं तर काच फुटेल, म्हणून वाटीत मिठाचं दाट पाणी घेतलं, तापमापी त्यात बुडवली आणि वाटी डबीच्या जागी ठेवली. संध्याकाळी बघितलं तर सहा. हे हसले. म्हणाले, "फ्रिज चांगला हाय की." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सात. मला काही समजेना. मग एका पहाटे दूध तापवायला उठले तेव्हा सहज बघितलं. पारा शून्याच्या खाली दोन रेघा.

तेव्हा उलगडलं. आमच्या वस्तीवर दिवसा बराच वेळ लाईट नसते. रात्रभर फ्रिज चालायचा, आतलं सगळं गोठवायचा. दिवसा लाईट गेली की ते वितळायचं. मी संध्याकाळी बाटली काढायचे तेव्हा औषध पातळ झालेलं असायचं. दोन महिने मी आत्यांना मेलेलं औषध टोचत होते. नवी बाटली पहिल्या दिवशी चांगली असायची, दोन-तीन पहाटा गोठली की कामातून जायची. साखर उतरायची, चढायची, आणि त्या चढण्याचं कारण म्हणून मी गुळाच्या डब्याला कुलूप लावलं होतं.

आत्यांना लगेच सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. आधी फ्रिज दुरुस्त करते, मग पुराव्यानिशी सांगते, असं मनाशी म्हटलं. खरं तर मला तोंड दाखवायचं धाडस नव्हतं. नवी बाटली आणून ती माठाच्या पाण्यात, प्लास्टिकच्या डबीत घालून ठेवली. बाटली फ्रिजमध्ये का नाही, हे त्यांनी विचारलं नाही.

कंपनीचा माणूस शेवटी आला तो भर दुपारी, आणि मी शाळेतून सुट्टी घेऊन घरी थांबले होते. लाईट त्याच्या येण्याआधी नुकतीच आली होती. त्यानं दारावर बघितलं, "चार दाखवतंय." मी तापमानाचे आकडे लिहिलेली वही पुढं केली. पहाटे साडेपाच, उणे दोन. दुपारी दोन, अधिक पाच. संध्याकाळी सात, अधिक सात. त्यानं वही हातात घेतली नाही.

"मॅडम, तुमचं थर्मामीटर शाळेतलं आहे. हे कंपनीचं आहे."

"अहो, पण दही गोठतं ना! दह्याला कुठं कळतं थर्मामीटर शाळेतलं की कंपनीचं?"

त्यानं आपलं यंत्र आत धरलं. पाच. "बघा," म्हणाला. मी म्हटलं, पहाटे या. तो हसला. मग माझ्या समाधानासाठी म्हणून मागचं झाकण काढून त्यानं मुख्य बोर्ड बदलला, कागदावर माझी सही घेतली आणि 'समस्या सुटली' असा शेरा मारून गेला. चौथ्या पहाटे पारा पुन्हा उणे दोनवर. त्या दिवशी मी फ्रिजच्या दाराला लाथ मारली. पन्नाशीला आलेली बाई मी, पायाचा अंगठा आठ दिवस सुजलेला होता. शाळेत सांगितलं, उंबऱ्याला लागलं.

आमच्या शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंनी अंथुर्ण्याच्या एका तात्यांचं नाव सुचवलं. दूध संकलन केंद्रातली मोठी गार करायची यंत्रं बघायचे, आता घरची कामं करतात. घराणं पूर्वी मेंढरं राखणारं, हे मात्र लोखंडाच्या नादी लागले, असं त्या म्हणाल्या. तात्या मोटारसायकलवरून आले, पाणी प्यायले, आणि फ्रिजकडे न जाता माझ्यासमोर बसले.

"बाई, पयल्यापासनं सांगा."

मी सांगितलं. कोथिंबीर, रबर, बोर्ड, पहाट, लाईट. त्यांनी वही मागून घेतली आणि एकेका आकड्यावर बोट ठेवत पानं उलटली. त्या दोन महिन्यांत माझं म्हणणं पुरतं ऐकून घेणारा तो पहिला माणूस.

"दारावरचा चार म्हंजी आतलं तापमान न्हाय," ते म्हणाले. "तुमी किती मागितलंय, ते हाय ते. आत किती हाय, ते दारावर लिवत न्हाईत."

इतके दिवस मी ज्याच्याशी भांडत होते, तो मीच दिलेला आकडा होता.

त्यांनी वरच्या फळीमागचं पांढरं झाकण काढलं. आत वायरीच्या टोकाला शेंगदाण्याएवढा मणी. सेन्सर. "ह्यानं बोर्डाला सांगायचं, गार झालं, आता बास. मग मशीन थांबतं. तुमी म्हणताय त्यावरनं हा काय धड सांगंना झालाय." त्यांनी तो कापून काढला. मग माझ्याकडनं बर्फ मागून घेतला, पेल्यात बर्फ आणि पाणी कालवलं, त्यात जुना मणी आणि पिशवीतला नवा मणी दोन्ही बुडवले आणि मीटरच्या सुया आधी नव्याला लावल्या. आकडा एका जागी ठरला. जुन्याला लावल्या तर आकडा निम्म्याखाली, आणि तिथंही स्थिर नाही, घसरत चाललेला.

"गरम झालं की ह्या मण्याचा आकडा उतरतो. बर्फात बुडवलाय, तरी म्हणतोय ऊन हाय," तात्या म्हणाले. "आत पाणी मुरलंय ह्याच्या."

"मग दारावर काही खूण का नाही आली? कंपनीचा माणूस म्हणाला, बिघाड असता तर खूण येते."

"तुटला आसता तर आली आसती. तुटला न्हाय. बोलतोय, पर चुकीचं बोलतोय. बोर्डाला कसं कळावं?"

नवा मणी जोडून, वर तापवली की आकसणारी प्लास्टिकची नळी चढवून, त्यांनी झाकण लावलं. सगळं मिळून अर्धा तास. मी आठ दिवस रोज पहाटे तापमापी बघितली. तीन, चार, चार, तीन. आनंद झाला म्हणू? झाला नाही. दोन महिने, दोन मेकॅनिक, आणि दुखणं एवढ्याशा मण्यात. राग कुणावर काढायचा तेही उरलं नव्हतं.

नवव्या दिवशी आत्यांना सांगितलं. त्या पडवीत शेंगा फोडत बसल्या होत्या. मी समोर बसले, सगळं सांगितलं, आणि म्हणाले, "माझं चुकलं, आत्या."

त्यांनी चार-पाच शेंगा फोडल्या. मग म्हणाल्या, "बोर्ड बदलायच्या आदी तुला ठावं हुतं?"

"हो."

"म्हंजी झाले की पंदरा दीस. त्या डबड्याला रोज पाटंचं उठून बघत हुतीस. मी हितंच हुते."

 मी त्यांच्याबरोबर शेंगा फोडत राहिले. अंधार पडायला लागला तशा त्या उठल्या आणि सूप घेऊन आत गेल्या.

पुढच्या तपासणीला बारामतीला गेलो तेव्हा डॉक्टर वहीतले आकडे बघून खूश झाले. मी म्हणाले, "डॉक्टर, मागं मी इथं म्हणाले होते की ह्या लपून गूळ खातात. ते खरं नव्हतं. औषध आमच्या फ्रिजमध्ये गोठत होतं." डॉक्टर लिहीत होते. "हो का? बरं झालं कळलं. पुढचा पेशंट कोण आहे?"

परत येताना गाडीवर आत्या माझ्या खांद्याला धरून बसल्या होत्या. सणसरच्या अलीकडं आल्यावर म्हणाल्या, "डाक्टरनी मान सुदीक वर केली न्हाय."

"तुम्ही ऐकलंत ना?"

"ऐकलं. म्होरं बघ, खड्डा हाय."

मला वाटलं, मिटलं. पण त्याच महिन्यात त्यांनी वस्तीवर येणाऱ्या आरोग्य केंद्राच्या आशाताईंना बसवून घेतलं आणि सुई स्वतःच्या हातानं कशी घ्यायची ते शिकून घेतलं. मला कळलं ते आठवड्यानं. आता मी शाळेतून येते तेव्हा त्या पडवीत उजेडाकडं तोंड करून बसलेल्या असतात. सिरिंजवरच्या रेघा बारीक, डोळे अधू, म्हणून एकदा म्हटलं, मी बघते किती भरलीय. त्यांनी हात आखडला. स्वतःच नीट बघितलं, टोचलं, कापूस दाबून धरला आणि म्हणाल्या, "भाकरी टाक आता. भूक लागलीया."